सर्व्हरला येतं ते कर्मचाऱ्यालाही दिसू द्या

मा. संपादक,
स. न.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची ईमेल झोहो या भारतीय कंपनीकडे गेल्यापासून मेल सर्व्हर, म्हणजे ईमेल घेणारी-साठवणारी यंत्रणा, देशी हवा की परदेशी, यावर सगळीकडे हिरिरीने बोललं जातं. माझा प्रश्न त्याहून खालच्या पायरीवरचा आहे. सर्व्हर कुणाचाही असो, त्याला जे जे करता येतं त्यातलं साध्या कर्मचाऱ्याच्या हाती काय लागतं?

मी कराड तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि प्रिंटर सांभाळणारा एक मुलगा. आमचा मेल सर्व्हर डव्हकॉटवर चालतो. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी २००२ मध्ये आणलेलं हे मोफत सॉफ्टवेअर मुकाट काम करतं. त्याला पिजनहोल नावाचा जोडभाग लावला की आलेलं टपाल फोल्डरांत लावणं, रजेच्या काळात परस्पर उत्तर देणं ही कामं सर्व्हरच करतो. मात्र त्याचे नियम सीव्ह नावाच्या छोट्या भाषेत लिहावे लागतात आणि ती आमच्याकडे फक्त मला येते. त्यामुळे वसुलीचे साहेब गावी निघाले की आधी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. परतल्यावर नियम काढून घ्यायचं कुणाच्या लक्षात राहतंय? दिवाळीच्या रजेचं उत्तर शिमग्यापर्यंत ठेवीदारांना जात असे.

म्हणून मी या कामासाठी एक वेब पान तयार केलं. रजा कधीपासून, कधीपर्यंत, उत्तरात काय लिहायचं, एवढंच ते विचारतं. शेवटची तारीख उलटली की उत्तरं आपोआप थांबतात, कारण आजची तारीख तपासण्याची सोय सीव्हमध्ये आहेच. पान लिहिताना खरा वेळ गेला तो बारीकसारीक गोष्टींत. सीव्हच्या नियमानुसार एका माणसाला रजेचं उत्तर एकदा गेलं की, वेगळं काही सांगितलं नसेल तर, पुढचे ७ दिवस पुन्हा जात नाही. आमचे लोक स्वतःच्या जीमेलवरून दोनदा टपाल धाडून बघतात आणि दुसऱ्या टपालाला उत्तर आलं नाही की 'ताई, बंद पडलं' म्हणून हाक मारतात. आता हे पानावर ठळक लिहिलंय. कर्ज विभागाच्या सामाईक पत्त्यावर आलेल्या टपालाला तर उत्तरच जात नसे, कारण आपला स्वतःचा पत्ता 'प्रति' किंवा 'प्रत'मध्ये (टू, सीसी) नसेल तर सीव्ह गप्प बसते. तेव्हा कोण कुठल्या सामाईक पत्त्यावर आहे ते पान स्वतःच शोधून नियमात घालतं.

मराठी फोल्डरांनी वेगळाच ताप दिला. 'थकबाकी' नावाचा फोल्डर जुन्या आयमॅपमध्ये (सर्व्हरवरचं टपाल वाचण्याच्या पद्धतीत) इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या खिचडीत साठतो, सीव्हला मात्र तो सरळ युनिकोडमध्ये लागतो. ती खिचडी तशीच नियमात उतरवली तर टपाल 'थकबाकी'त पडत नाही.

या पानाला सर्व्हरची मास्टर किल्ली मी दिलेली नाही. कर्मचारी स्वतःच्या पासवर्डने आत येतो आणि पान त्याच्याच नावाने मॅनेजसीव्हवरून, म्हणजे सीव्हचे नियम सर्व्हरवर चढवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, सर्व्हरशी बोलतं. नियमात व्याकरणाची चूक असेल तर सर्व्हर तो स्वीकारतच नाही, त्यामुळे जुना नियम शाबूत राहतो.

'लोकांच्या हाती हे दिलं तर घोळ घालतील,' असं आमच्या एका संचालकांचं म्हणणं. मला उलट वाटतं. कुणाचा पासवर्ड चोरीला गेला की चोर बरेचदा आधी एक नियम गुपचूप लावतो: बँकेकडून आलेलं सगळं बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इथलं पुसून टाक. ज्याची टपालपेटी, त्याला स्वतःचे नियम दिसतच नसतील तर हे त्याला कळणार कसं? आमच्या पानावर पहिल्यांदा चालू नियमांची यादीच दिसते. संस्थेबाहेरच्या पत्त्यावर टपाल वळवण्याची सोय मात्र मी पानावर ठेवलेली नाही. यावर थोडी नाराजी आहे, ती असू दे.

प्रत्येकाने माझ्यासारखं पान लिहीत बसावं, असं मुळीच नाही. राउंडक्यूब हे मोफत वेबमेल, म्हणजे ब्राउझरमध्ये ईमेल बघायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात सीव्हच्या नियमांचं आणि रजेच्या उत्तराचं पान तयार मिळतं, फक्त ते प्लगइन (जोडभाग) आणि त्यातली रजेच्या पानाची सोय चालू करावी लागते. आमच्याच भागातल्या एका संस्थेला 'रजेच्या उत्तराची सोय हवी तर सगळी यंत्रणाच बदला' असा सल्ला मिळाला आणि दरपत्रकही हातात पडलं. तिथला सर्व्हर डव्हकॉटच होता.

तेव्हा पतसंस्था, शिक्षणसंस्था, दूध संघ यांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. नवीन खरेदीचा ठराव मांडण्याआधी आपल्या ठेकेदाराला दोन गोष्टी लेखी विचारा: सर्व्हरवर पिजनहोल आहे का, आणि मॅनेजसीव्हचं ४१९० पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचं क्रमांकाचं दार) चालू आहे का. वेबमेल त्याच यंत्रावर असेल तर हे पोर्ट बाहेर इंटरनेटवर उघडण्याची गरज नसते, हेही त्याला त्याच कागदावर लिहून द्यायला सांगा.

– एका पतसंस्थेच्या संगणक विभागातील कर्मचारी, कराड