कान्सिनो कुटुंबाचे फोटो वाचवण्यासाठी आवाहन

सर्व सभासद, वाचक आणि नृत्यप्रेमी मंडळींना सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या एक जुन्या सभासद, पेशाने कथकच्या शिक्षिका, गेल्या वर्षी निवर्तल्या. हयातभर जमवलेले नृत्याचे फोटो, कात्रणं आणि कार्यक्रमपत्रिका त्यांच्या घरच्यांनी विश्वासाने वाचनालयाच्या हवाली केल्या. संग्रहात देशी नृत्यप्रकार पुष्कळ आहेत. पण सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वाईट अवस्थेतला भाग आहे तो स्पेनहून अमेरिकेत गेलेल्या कान्सिनो या नर्तक घराण्याचा. तो वाचवायला आम्हाला तुमची मदत हवी आहे.

पुण्यातल्या वाचनालयाने स्पॅनिश नर्तकांचे फोटो का सांभाळायचे, हा प्रश्न कार्यकारी मंडळाच्या बैठकीतही निघाला. त्याचं उत्तर या कुटुंबाच्या हकिकतीतच आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

एदुआर्दो कान्सिनो यांचा जन्म सेव्हिलजवळच्या कास्तिलेहा दे ला क्वेस्ता या गावचा, १८९५ सालचा. वडील आंतोनियो हे बोलेरो आणि अभिजात स्पॅनिश नृत्याचे नामांकित गुरू. माद्रिदच्या त्यांच्या नृत्यशाळेचं नाव दूरवर होतं. एदुआर्दो आणि त्यांची बहीण एलिसा १९१३ साली न्यूयॉर्कला पोचले आणि व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे एकाच तिकिटात गाणी, नकला, कसरती, नाच दाखवणाऱ्या रंगभूमीवर, ‘डान्सिंग कान्सिनोज’ म्हणून गाजले. तेव्हा आपल्या बहिणीबरोबर त्याच रंगभूमीवर नाचणारा, पुढे सिनेमात गाजलेला फ्रेड अस्टेअर त्यांना ओळखत होता. १९१७ मध्ये एदुआर्दो यांनी व्होल्गा हेवर्थ या नर्तकीशी लग्न केलं आणि १७ ऑक्टोबर १९१८ रोजी ब्रुकलिनमध्ये मुलगी झाली: मार्गारिता कार्मेन कान्सिनो. जगाला ती हॉलिवूडची नटी रिटा हेवर्थ म्हणून माहीत आहे. आपल्याकडच्या जुन्या पिढीने तिला कॅम्पातल्या थिएटरांच्या पडद्यावर पाहिलेलं आहे.

पण आमच्या बाईंचा जीव पडद्यावरच्या रिटामध्ये नव्हता. त्यांना हवं होतं तिच्या आधीचं घराणं. मार्गारिता साडेतीन वर्षांची असल्यापासून तालमीला उभी राहिली. काका आंखेल कार्नेगी हॉलच्या इमारतीत वर्ग घेत, तिथे ती रोज जायची. पाच वर्षांची व्हायच्या आत ती घरच्यांबरोबर ब्रॉडवेवर उभी राहिली, आणि १९२६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या एका लघुपटात नाचली. १९२७ साली सिनेमात आता नाचाला दिवस येणार हे ओळखून एदुआर्दो सगळं बिऱ्हाड घेऊन हॉलिवूडला गेले, तिथे नृत्यशाळा काढली. जेम्स कॅग्नी, जीन हार्लो यांसारखे नट तिथे शिकले. पुढे मंदी आली, व्हॉडव्हिल बसलं, आणि १९३१ मध्ये बापाने बारा वर्षांच्या मुलीला जोडीदार करून ‘डान्सिंग कान्सिनोज’ पुन्हा उभे केले.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने एवढ्या लहान मुलीला नाइट क्लबात नाचता येत नव्हतं. म्हणून सीमेपलीकडे मेक्सिकोतलं तिहुआना. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, लॉस एंजेलिसची बडी मंडळी मौजमजेला तिथेच जात. तिथल्या फॉरेन क्लब आणि काल्येंते क्लबमध्ये बापलेक रात्री नाचत. शाळा नववीनंतर सुटली ती सुटलीच. काल्येंतेमध्येच फॉक्स कंपनीच्या प्रमुखांनी तिला पाहिलं आणि सिनेमाचं दार उघडलं.

या काळातल्या एका फोटोची प्रत बाईंनी कुणाकडून तरी मागवून घेतली होती. मुलीच्या काळ्याभोर केसांचा मधोमध भांग, मागे उंच कंगवा, खांद्यावरून झालरीची शाल, डोळ्यांना गडद काजळ. शेजारी आखूड जाकिटातला देखणा पुरुष, तिच्या कमरेमागे हात धरून. ठाऊक नसेल तर कुणीही म्हणेल की हे तरुण जोडपं आहे. पाहणाऱ्याला तसंच वाटावं अशीच ती मांडणी आहे. फोटोसोबत बाईंनी पातळ कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: वजन डाव्या पायावर, उजवी टाच उचललेली, कॅस्टनेटची (हातात धरून वाजवायच्या लाकडी चिपळ्यांची) दोरी अंगठ्यात, मनगट सैल. आणि त्याखाली वेगळ्या ओळीत, ‘वय तेरा असेल. बघवत नाही.’

रिटाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रात वडिलांवर फार गंभीर आरोप छापून आले. घराण्याची कला थोर होती, आणि त्या कलेच्या नावाखाली एका मुलीचं बालपण गेलं. दोन्ही गोष्टी त्याच एका फोटोत आहेत. म्हणूनच नुसता कागद सांभाळून आमचं काम होणार नाही. कोण, कुठे, कुठल्या साली, कुणाशी काय नातं, ही नोंद फोटोशी कायमची जोडलेली राहिली पाहिजे. नोंद सुटली तर उरेल एक छानसं स्पॅनिश जोडपं, आणि ते खोटं असेल.

पुढच्या फोटोंत हेच उलट दिशेने घडताना दिसतं. १९३७ मध्ये कोलंबिया या सिनेमा कंपनीने मार्गारिताला घेतलं, आईच्या माहेरचं आडनाव लावलं, कपाळावरचे केस विजेच्या उपचारांनी काढून केसांची रेषा मागे नेली, केस तांबडे केले. चार-पाच वर्षांच्या अंतराचे दोन फोटो शेजारी ठेवले तर स्थलांतरिताची मुलगी चेहऱ्यावरून कशी पुसली गेली ते दिसतं. चाल मात्र पुसता आली नाही. १९४१ मध्ये तोच अस्टेअर तिचा पडद्यावरचा जोडीदार झाला. १९४८ मध्ये तिच्या स्वतःच्या कंपनीच्या सहभागाने निघालेल्या ‘द लव्ह्ज ऑफ कार्मेन’मध्ये स्पॅनिश नाच बसवायला एदुआर्दो होते, आणि भाऊ व्हर्नन व काका होसे छोट्या भूमिकांत.

पुण्याशी धागा लागतो तो याच्या पुढच्या वर्षी. १९४९ मध्ये रिटाने प्रिन्स अली खान यांच्याशी लग्न केलं. नगर रस्त्यावरचा राजवाडा १८९२ मध्ये बांधणारे तिसरे आगाखान, म्हणजे इस्माइली पंथाचे धर्मगुरू, हे तिचे सासरे. तिचा सावत्र मुलगा, चौथे आगाखान, यांनी १९६९ मध्ये तो राजवाडा देशाला अर्पण केला. आमच्या बाई शिष्यांना घेऊन तिथे जायच्या आणि गांधीजी, कस्तुरबा यांच्याबद्दल बोलून झालं की हीही गोष्ट सांगायच्या.

शेवटची काही वर्षं रिटाला अल्झायमर होता. १४ मे १९८७ रोजी ती न्यूयॉर्कमध्ये वारली. हा आजार किती लोकांना असू शकतो हे तिच्या नावामुळे जगाला कळलं आणि तिच्या मुलीने, यास्मिन आगाखान यांनी, त्यासाठी मोठं काम उभं केलं. जिला स्वतःचं काही आठवत नव्हतं तिच्या घराण्याचे फोटो आपल्या कपाटात नुसते पडून खराब व्हावेत, हे आम्हाला पटत नाही.

आता अवस्थेबद्दल. निम्मे फोटो काळ्या जाड कागदाच्या अल्बमात खळीने चिकटवलेले आहेत. कागद आम्लधर्मी, त्यामुळे कडा तपकिरी पडल्या आहेत. काही फोटो नंतरच्या चिकट पानांच्या अल्बमात आहेत, तिथे प्लास्टिक फोटोला धरून बसलंय आणि ओढलं तर चित्रच निघून येतं. गडद भागांवर चांदीसारखी झाक आली आहे. कात्रणांना कसर लागली आहे, आणि दोन पावसाळे ट्रंकेत गेल्यामुळे बुरशीही आहे. यातला एकही फोटो आम्ही घरगुती उपायांनी सोडवायला गेलो नाही, जाणारही नाही. जाणकार संवर्धकाकडूनच हे व्हायला हवं, आणि तीच सर्वात खर्चाची बाब आहे.

संवर्धकाचं मानधन, आम्लमुक्त पेट्या आणि कागद, पॉलिएस्टरची पाकिटं, हवेतला दमटपणा काढणारं यंत्र, चांगल्या प्रतीचं स्कॅनिंग आणि नोंदणीसाठी सहा महिने एक अर्धवेळ व्यक्ती, असा एकूण अंदाज २ लाख ४० हजार रुपयांचा आहे. वाचनालयाच्या गंगाजळीतून ६० हजार काढायला मंडळाने मंजुरी दिली आहे. बाकीचे तुमच्याकडे मागतो. १०० रुपयेही चालतील. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि हिशेब वार्षिक सभेत मांडला जाईल.

पैशाइतकीच माणसंही हवी आहेत. स्पॅनिश उत्तम वाचता येणारं कुणी हवं, कारण काही फोटोंच्या मागे आणि कार्यक्रमपत्रिकांवर हाताने लिहिलेला मजकूर आम्हाला लागत नाही. महाविद्यालयात स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी शनिवारी दोन तास आले तरी मोठं काम होईल. अमेरिकेत, विशेषतः न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तिथल्या ग्रंथालयांतली जुनी वर्तमानपत्रं चाळून तारखा पडताळून दिल्या तर आम्ही ऋणी राहू. प्रदर्शनाचा विचार आहे, पण ज्या फोटोंचे हक्क स्पष्ट होतील तेवढेच मांडू.

आणखी एक मागणं. या निमित्ताने इथल्या नाचणाऱ्या घराण्यांचे फोटोही जमवायचे आहेत. फडात नाचलेली आजी, गोव्याहून मुंबईला आलेली एखादी कलावंत, नाटक कंपनीत नाच बसवणारे मास्तर, यांचे फोटो घरोघरी असतात आणि पुष्कळदा मुद्दाम खाली दडपलेले असतात. मूळ फोटो आम्हाला नको. आणा, आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करून परत देऊ, आणि तुम्हाला जे माहीत आहे ते लिहून घेऊ. काही नावं जाहीर करायची नसतील तर तसं सांगा, ते पाळलं जाईल.

देणग्या आणि फोटो वाचनालयाच्या कार्यालयात सोमवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत स्वीकारले जातील. फोटो अल्बममधून सोडवून आणू नयेत, अल्बमसकटच आणावेत. सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन करू नये. मागे नाव लिहायचंच असेल तर बॉलपेन न वापरता मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावं.

आपले,
कार्यकारी मंडळ