सिस्टर काकूंना, एका संध्याकाळबद्दल

विश्रामबाग, सांगली

तीर्थस्वरूप सिस्टर काकूंना साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही बाळाच्या लंगोटाचा नाहीतर माझ्या जेवणाचा विषय काढता आणि सांगायचे ते राहून जाते. म्हणून हे लिहून कळवते आहे, आणि चारचौघांनी वाचावे अशा रीतीने लिहिते आहे. गेल्या कार्तिकात तुम्ही माझ्यासाठी जे केलेत त्याला नुसता शेजारधर्म म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. अंगावर पिणारे मूल घरी ठेवून बाईने एक संध्याकाळ बाहेर काढली, एवढेच लोकांना दिसते. त्या संध्याकाळीमागे तुमची किती तयारी होती आणि मिरजेच्या प्रसूतिकक्षात तुम्ही घालवलेली सारी वर्षे त्यात कशी उतरली होती, हे मी पाहिले आहे.

श्रावणात मुलगी झाली आणि माहेरचे बाळंतपण आटोपून मी सांगलीला परत आले. यांची कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दुसरी पाळी, त्यामुळे दुपारपासून रात्री उशिरापर्यंत घरात मी, बाळ आणि गुडघ्यांनी जेरीस आलेल्या सासूबाई, एवढेच असायचो. येणारे-जाणारे बाळाची चौकशी करीत, नाक कोणावर गेले आहे ते ठरवीत, झबली-टोपडी ठेवून जात. त्यात कोणाचे काही चुकत नव्हते. तुम्ही मात्र पहिल्या दिवशी दारातूनच विचारलेत, "तू जेवलीस का?" आणि पुढे एकदा, सासूबाई देवापाशी बसल्या आहेत असे पाहून, अगदी हळू आवाजात विचारलेत, "बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?"

त्या प्रश्नाचे मोल मला नंतर कळले. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत उगाचच रडू येणे हे बहुतेकींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरते. पण ते रेंगाळले, बाळ शांत झोपलेले असूनही आईचा डोळा लागेनासा झाला, बाळाकडे पाहून काहीच वाटेनासे झाले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे जायला एक दिवसही लावू नये, असे तुम्ही मला समजावून सांगितलेत. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून तुम्ही आमच्या फ्रिजवर लावलात. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते, हेही सांगितलेत. मला झोप लागत होती, पाठ टेकताक्षणी लागत होती. फक्त ती मिळत नव्हती. सगळे विचारून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "हा आजार नाही पोरी, हा शीण आहे. आजार असता तर मी तुला नाटकाला पाठवलं नसतं, डॉक्टरांकडे नेलं असतं." बाळंतिणीने जरा फिरून यावे म्हणजे सगळे बरे होईल, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो, आणि तो देणारे आधी एवढी विचारपूस क्वचितच करतात. तुम्ही ती केलीत, म्हणून तुमच्या 'जा' या शब्दावर मला विसंबता आले.

नाटकाचा विषय माझ्याच तोंडून निघाला होता. हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर आमच्या संस्थेचा प्रयोग होता. त्याची प्रकाशयोजना मी गरोदरपणात कागदावर उतरवून दिली होती आणि आता दुसराच मुलगा ती चालवणार होता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभे केले, त्या गावात कोणाला नाटकाचे वेड असले तर त्याचे नवल कोणी करीत नाही. मात्र ते बाळंतिणीला असू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मी जायची परवानगी मागितली नव्हती, नुसती तारीख सांगितली होती. तुम्ही बोटांवर दिवस मोजलेत आणि म्हणालात, "तोवर तीन महिने पुरे होतील. संध्याकाळचं रडणंही उतरणीला लागलेलं असेल. उद्यापासून वाटीची सवय लावू."

दूध कसे काढायचे ते तुम्ही मला शिकवलेत, तेही पंपाशिवाय, नुसत्या हाताने, पहाटे छाती भरलेली असताना. वाटी आणि झाकणाचा स्टीलचा डबा आधी पाण्यात खळखळून उकळायचा. काढलेले दूध घरातल्या साध्या गारव्यात चार तास आणि फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूला, चार दिवसांपर्यंत टिकते. "तरी आपण आदल्या दिवसाचंच वापरू," हे तुमचे वर आणखी. गॅसवर ते कधी तापवायचे नाही, कोमट पाण्यात वाटी धरायची. वर साय आणि खाली पाणचट दूध दिसले म्हणजे ते नासले असे नव्हे, हलक्या हाताने फिरवले की एकजीव होते. बाळाच्या तोंडाला लागून उरलेले मात्र पुन्हा ठेवायचे नाही. बाटलीला तुम्ही घरात पाऊल ठेवू दिले नाहीत. बाटलीच्या कानाकोपऱ्यांत घाण राहते, वाटी डोळ्यांना स्वच्छ दिसते, हे तुमचे कारण साधे होते. दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानेच बंदी आहे, हेही मला त्या दिवशी तुमच्याकडून प्रथम कळले.

पहिल्या दिवशी तिने वाटी तोंडाला लावू दिली नाही. मान फिरवून ती माझ्याकडे झेपावली. तुम्ही मला दुसऱ्या खोलीत जायला सांगितलेत, कारण आईचा वास आला की मूल वाटीला कशाला विचारील! दाराच्या फटीतून मी पाहत होते. तुम्ही तिला जवळजवळ बसती धरलीत, पाठीमागून तुमचा तळहात तिच्या मानेला, आणि वाटीची कड खालच्या ओठाला नुसती टेकवलीत. दूध तोंडात ओतले नाहीत. तिने जीभ बाहेर काढली, चाटले, थांबली, परत चाटले. ती थांबली की तुम्हीही थांबत होता. सारा प्रकार सावकाश झाला आणि अर्धे दूध दुपट्यावर सांडले. तुम्ही म्हणालात, "आज ओळख झाली, एवढं पुष्कळ." आठवडा संपायच्या आत ती वाटी पाहून पाय झाडायला लागली होती.

सासूबाईंबद्दल लिहिताना मी त्यांची परवानगी घेतली आहे. तिन्हीसांजेला अंगावरचे मूल टाकून बाई उंबरा ओलांडत नाही, असे त्या पहिल्यापासून म्हणत होत्या. काढलेले दूध बाळाला बाधते, असेही त्यांना वाटत होते. तुम्ही त्यांना अडाणी ठरवले नाहीत आणि मलाही त्यांच्याशी वाद घालू दिला नाहीत. दुपारी येऊन त्यांच्याबरोबर मेथी निवडत बसलात. काचेच्या पेटीत ठेवलेली अपुऱ्या दिवसांची बाळे आईचे काढलेले दूधच घेतात आणि त्यावरच अंग धरतात, हे तुम्ही त्यांना तुमच्या नोकरीतल्या आठवणी सांगता सांगता सांगितलेत. मग विचारलेत, "आक्का, तुम्हाला कधी अशी संध्याकाळ मिळाली होती का हो?"

सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले ते मी या घरात इतकी वर्षे राहून कधी ऐकले नव्हते. तासगावकडच्या त्यांच्या गावात जत्रेला तंबूतला सिनेमा आला होता. घरातल्या झाडून साऱ्या बायका गेल्या. पहिलटकरीण म्हणून यांना ठेवले. त्या मांडीवर मूल घेऊन ओसरीवर बसल्या आणि वाऱ्यावर येणारी गाणी ऐकत राहिल्या. सिनेमा कोणता होता तेसुद्धा त्यांना नंतर कोणी सांगितले नाही. एवढे बोलून त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "मला उचलवत नाही हो तिला, सिस्टर. रडायला लागली आणि माझ्याच्यानं उठवलं नाही तर?" अडचण तिन्हीसांजेची नव्हतीच, या भीतीची होती. ती तुम्हाला ओळखू आली म्हणूनच तुम्ही लगेच म्हणालात, "मी येऊन बसते की. उचलायचं काम माझं, दृष्ट काढायचं तुमचं." मला वाटते, त्या दुपारी तुम्ही मला जेवढी मदत केलीत तेवढीच, कदाचित जास्तच, सासूबाईंना केलीत.

प्रयोगाच्या दिवशी तुम्ही दिवेलागणीच्या आधीच आलात. जुन्या सुती साडीच्या मऊ घड्या करून आणल्या होत्यात आणि त्या पोलक्याच्या आत ठेवायला मला बजावलेत. फोन करायचा नाही, गरज लागली तर मीच करीन, असेही बजावलेत. मी बाळाला पाजले, तुमच्या हातात दिले आणि रिक्षात बसले. विश्रामबागेतून गावात पोहोचेपर्यंत मोबाइल मुठीतून सुटत नव्हता. भावे नाट्यमंदिरात शिरताना मात्र ओळखीचे चेहरे दिसले आणि कोणीतरी हाक मारली ती बाळाचे नाव घेऊन नव्हे, माझे घेऊन.

तिसरी घंटा झाली, अंधार झाला आणि मी कागदावर लिहिलेला पहिला प्रकाश रंगमंचावर डाव्या बाजूने हळूहळू चढताना मी खुर्चीत बसून पाहिला. एरवी तो मी प्रेक्षागृहाच्या मागून, बटणांवर नजर ठेवून पाहिलेला असतो. दुसऱ्या अंकात मागच्या रांगेत कोणाचे तरी तान्हे रडले आणि त्याच क्षणी मला पान्हा फुटला. शरीर आईचेच राहते, कान कुठल्याही बाळाला ओ देतात. तुम्ही दिलेल्या घड्या नसत्या तर मला तिथून उठून जावे लागले असते. त्या होत्या म्हणून मी शाल पुढे ओढून घेतली आणि शेवटचा प्रवेश पुरा पाहिला. "पडदा पडला की धावत येऊ नकोस, चहा घेऊन ये," असे तुम्ही सांगितले होतेत, म्हणून मंडळींबरोबर उभ्या उभ्या चहाही घेतला. तो गरम होता, आणि गरम असतानाच संपला. लहान मूल असलेल्या घरातल्या बायकांना याचा अर्थ सांगायला नको.

परत आले तेव्हा बाळ झोपले होते आणि सासूबाई तिच्या उशाशी होत्या. तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेला कागद माझ्या हातात दिलात. तो मी जपून ठेवला आहे, म्हणून त्यातलेच शब्द उतरवते: "७.१० वाटीने ८० मिली, ढेकर निघाला. ७.४० लंगोट बदलला, ओला. ८.०५ रडली, दहा मिनिटे. टोपडे काढल्यावर थांबली, उकडत होते. ८.३० वाटीने ३० मिली, मग नको म्हणाली. ८.५० आजीच्या मांडीवर झोपली." दवाखान्यातल्या नोंदीसारख्या त्या ओळी वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले. "अजिबात रडली नाही हो," असे तुम्ही गोड बोलण्यासाठी सहज म्हणू शकला असता. कोणीही तसेच म्हटले असते. तुम्ही ती रडल्याचे लिहिलेत, किती वेळ रडली ते लिहिलेत आणि कशाने थांबली तेही लिहिलेत. त्या एका ओळीमुळे मी पुढेही निर्धास्तपणे बाहेर पडू शकले, कारण मागे काही घडले तर ते मला जसेच्या तसे कळेल याची खात्री पटली. आणि शेवटची ओळ तुम्ही मुद्दाम सासूबाईंच्या नावे लिहिलीत, हेही माझ्या लक्षात आले आहे. आता त्या तिला पलंगावर बसून, उशीचा आधार घेऊन, स्वतः वाटीने दूध पाजतात आणि संध्याकाळी मला गणपतीच्या देवळात जाऊन यायला आपणहून सांगतात.

काकू, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमचे काम संपले असे लोकांनी मानले असेल. आमच्या घरात ते चालू आहे, आणि ते कौशल्याचे काम आहे हे मला मनापासून नोंदवायचे आहे. कोणत्याही बाळंतिणीला नुसते 'जरा बाहेर पड' असे सांगणाऱ्यांनी आधी बाळाला कोण घेणार, ते काय पिणार आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची भीती कोण ऐकून घेणार, एवढे तरी पाहावे अशी माझी विनंती आहे.

आता एक कामाचे. माघात बाळाला सहा महिने पुरे होतात. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करायचे असे सासूबाईंचे म्हणणे होते आणि सहा महिने पुरे झाल्याखेरीज पाण्याचा थेंबही नको असे तुमचे. सहा पुरे झाले की सातवा लागतोच, म्हणून दोघींचेही राहते. मामा कोल्हापूरहून येतो आहे. पहिला घास त्याचा, दुसरा सासूबाईंनी तुमच्यासाठी राखून ठेवला आहे आणि तसे त्यांनी मला या पत्रात लिहायला सांगितले आहे. मऊ भात आणि मुगाच्या डाळीचे वरण करणार आहे. मीठ-साखर घालायची नाही हे माझ्या लक्षात आहे, तूप किती घालायचे ते तुम्ही आल्यावर सांगा. तारीख ठरली की बोलावणे करायला मी स्वतः खाली येते.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची सूनबाई