गरम पाण्याची वेळ लिहिता, तसा इंटरनेटचा वेगही लिहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत विद्युत पॅनेल तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या विक्री व सेवा विभागात मी नोकरी करतो. आमचे निम्म्याहून अधिक ग्राहक नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या पट्ट्यात आणि पुढे तळोज्यात आहेत. त्यामुळे गेली बारा वर्षे महिन्यातल्या आठ-दहा रात्री माझा मुक्काम वाशी, तुर्भे किंवा बेलापूरच्या कुठल्या तरी हॉटेलात असतो. या काळात येथील हॉटेलांच्या खोल्या सुधारल्या, जेवण सुधारले, स्वच्छतेत तर फार मोठा फरक पडला. इंटरनेट मात्र होते तिथेच राहिले आहे, आणि त्याच एका विषयावर आपल्या दैनिकातून हॉटेलचालकांचे आणि संबंधित यंत्रणांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बहुतेक हॉटेलांत खोलीच्या दारामागे एक तक्ता चिकटवलेला असतो. गरम पाणी सकाळी ६ ते १०, न्याहारी साडेसात ते दहा, खोली सोडण्याची वेळ दुपारी १२, असे सगळे त्यावर नेमके लिहिलेले असते आणि पाहुणा त्याप्रमाणे आपला दिवस आखतो. त्याच तक्त्याच्या तळाशी ‘मोफत वाय-फाय’ एवढेच शब्द असतात. किती वेगाचे, किती उपकरणांसाठी, खोलीत चालणारे की फक्त खालच्या स्वागतकक्षात, याचा एक आकडा किंवा एक शब्दही नसतो. माझी तक्रार नेमकी या मोघमपणाबद्दल आहे. गरम पाणी दहानंतर मिळणार नाही हे आधी कळले, तर कोणी भांडत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र ते मिळणार नाही, हे रात्री अकरा वाजता काम अडल्यावरच कळते.

डिसेंबरातल्या ऐन लग्नसराईतली गोष्ट सांगतो. एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा योजनेसाठी पॅनेलची ई-निविदा दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता बंद होणार होती. आमची कागदपत्रे दोन दिवस आधीच चढवून झाली होती. पण संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास शुद्धिपत्रक निघाले, दरपत्रकाचा तक्ता बदलला आणि शुद्धिपत्रकाच्या प्रत्येक पानावर सही-शिक्का करून तांत्रिक लिफाफ्याची, म्हणजे दर सोडून बाकीच्या कागदपत्रांची, फाइलही नव्याने चढवणे भाग पडले. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, म्हणजे संगणकाला जोडायचे पेनड्राइव्हसारखे उपकरण, माझ्याकडे, म्हणजे तुर्भ्यातील हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाच्या खोलीत होते. फाइल २४ एमबीची होती. वेग तपासला तर डाउनलोड, म्हणजे माहिती उतरवून घेण्याचा वेग, १८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; आठ मेगाबिटांचा एक एमबी) आणि अपलोड, म्हणजे चढवण्याचा वेग, ०.३. या वेगाने ती फाइल अखंड गेली असती तरी दहा-अकरा मिनिटे लागली असती, आणि ती अखंड जाईना. तीन वेळा सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जाऊन जोडणी तुटली आणि पोर्टलने मला बाहेर काढले. प्रत्येक वेळी टोकनचा पिन पुन्हा घालून पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागली. ई-निविदेत शेवटी ‘फ्रीझ’ची कळ दाबून पावती मिळेपर्यंत निविदा भरली असे धरत नाहीत, आणि वेळ संपताच संगणक दार बंद करतो, तिथे विनंती ऐकायला माणूस बसलेला नसतो.

खाली गेलो. रात्रपाळीच्या मुलाने नम्रपणे राउटर बंद करून चालू केला, पाच मिनिटे थांबायला सांगितले आणि मग खरे कारणही सांगितले : “सर, पूर्ण हॉटेलला एकच लाइन आहे, शंभरची. वरच्या दोन मजल्यांवर वऱ्हाड उतरलंय.” हॉटेलात ४२ खोल्या होत्या. शंभर एमबीपीएसना बेचाळीसने भागले तर प्रत्येक खोलीच्या वाट्याला जेमतेम २.४ एमबीपीएस येतात, आणि एका खोलीत दोन फोन, एक लॅपटॉप आणि इंटरनेटवर चालणारा टीव्ही धरला तर एका उपकरणाला एक एमबीपीएससुद्धा उरत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली आणि किमान डाउनलोड वेग ५१२ केबीपीएसवरून, म्हणजे सुमारे अर्ध्या एमबीपीएसवरून, २ एमबीपीएसवर नेला. तो एका ग्राहकासाठीचा किमान वेग आहे. एका खोलीत दोघे धरले तर भरलेल्या हॉटेलातील पाहुणा या व्याख्येतही बसत नाही. अखेर मी खोलीच्या खिडकीशी जमिनीवर बसून, मोबाइल काचेला टेकवून, त्याच्या हॉटस्पॉटवरून निविदा पूर्ण केली. पावती हातात आली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते, आणि सकाळी आठला महाप्यात यंत्रचाचणी होती.

खिडकीशीच का बसावे लागले, हेही सांगण्यासारखे आहे, कारण “मोबाइलचे नेट वापरा की” हा सल्ला आम्हाला सर्रास दिला जातो. नव्या इमारतींच्या काचांवर उष्णता अडवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेला असतो आणि तो मोबाइलच्या लहरीही अडवतो. फाइव्ह-जीसाठी प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी मुळातच भिंती भेदण्यात कमकुवत असतात, त्यामुळे रस्त्यावर उत्तम चालणारा फोन पलंगावर बसताच मंदावतो. हॉटेलच्या आतल्या वाय-फायचीही तशीच अवस्था असते. राउटर बोळाच्या छताला लावलेला असतो, आणि बहुतेक हॉटेलांत बोळ आणि पलंग यांच्या मध्ये न्हाणीघर येते. फरशा, पाण्याचे नळ आणि भिंतभर आरसा, एवढे सगळे ओलांडून ती लहर टेबलापर्यंत पोहोचायची असते. वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झची वेगवान लहर तिथेच दमते. २.४ गिगाहर्ट्झची पोहोचते, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच आहेत, आणि वाशीच्या एखाद्या सेक्टरमध्ये शेजारची दुकाने, दवाखाने आणि घरे मिळून पन्नासेक राउटर त्याच तीन मार्गांवर बोलत असतात. फोनवर तीन कांड्या दिसतात, पण पान उघडत नाही, त्यामागे बहुधा हेच असते.

अपलोडचा प्रश्न तर कोणी विचारातच घेत नाही. दिवसभर फिरून आलेला पाहुणा खोलीत येतो, फोन वाय-फायला जोडतो आणि त्याच क्षणी फोन दिवसभराचे फोटो आणि चित्रफिती ऑनलाइन साठ्यात चढवू लागतो. त्याला स्वतःला याची कल्पनाही नसते. चाळीस खोल्यांतून हे एकाच वेळी सुरू झाले की वर जाणारी वाट तुंबते, आणि मग डाउनलोडचा वेग कितीही चांगला दिसला तरी व्हिडिओ बैठकीत आपला आवाज तुटतो. अशा बैठकीला दोन्ही दिशांना साधारण दोन ते चार एमबीपीएस स्थिर वेग पुरतो. ही मागणी काही अवाजवी नाही. प्रत्येक खोलीला वेगाची मर्यादा आणि किमान वाटा ठरवून देणारी साधने बाजारात उपलब्ध आहेत, ती बसवणारे तंत्रज्ञ याच शहरात आहेत, आणि ज्या महापे-रबाळे-ऐरोलीच्या पट्ट्यात देशातील मोठी डेटा सेंटर उभी आहेत, तिथे चांगली लाइन मिळत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

हॉटेलचे वाय-फाय सुरू करताना मोबाइलवर मागवल्या जाणाऱ्या ओटीपीबद्दलही थोडे लिहायला हवे. वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याला माझा विरोध नाही. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल याच नवी मुंबईत, सानपाड्यातील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवला गेला होता. त्यानंतर दूरसंचार विभागाने जे निर्देश दिले, त्यांची गरज कोणाही समंजस माणसाला पटेल. परंतु पाहुण्याचे ओळखपत्र नोंदवहीत घेतलेले असताना, दर चार तासांनी त्याला बाहेर काढून पुन्हा ओटीपी मागण्याने सुरक्षिततेत कोणती भर पडते, ते समजत नाही. आमच्या एका यंत्रपुरवठादाराचे परदेशी तंत्रज्ञ येतात, त्यांच्याकडे भारतीय मोबाइल क्रमांक नसतो, आणि ओटीपी येत नाही म्हणून त्यांना तीन-तीन दिवस हॉटेलचे इंटरनेट वापरता येत नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा स्वतःचा विमानतळ सुरू झाला आहे. असे पाहुणे आता वाढतच जाणार आहेत. खोली दिल्याबरोबर, मुक्कामाच्या पूर्ण मुदतीसाठी, खोली क्रमांकाशी जोडलेला संकेतशब्द देणे ही अगदी साधी सोय आहे, आणि काही मोजकी हॉटेले ती देतातही.

सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट माझ्या एका सहकारी भगिनीच्या अनुभवाची आहे. रात्री सव्वाअकराला, नाशिकच्या कारखान्यात सुरू असलेल्या चाचणीवर व्हिडिओवरून लक्ष ठेवणे त्यांच्याकडे होते. खोलीत जोडणी टिकेना, म्हणून त्यांनी खाली फोन केला. “मॅडम, लॉबीत रेंज चांगली आहे, खाली येऊन बसा,” असे उत्तर मिळाले. त्या गेल्या, आणि अनोळखी माणसांची ये-जा चालू असलेल्या जागेत मध्यरात्र उलटेपर्यंत कानाला हेडफोन लावून बसल्या. घरापासून दूर कामासाठी मुक्कामाला आलेल्या स्त्रीने खोलीचे पूर्ण भाडे भरावे आणि काम मात्र स्वागतकक्षाच्या सोफ्यावर करावे, हे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. स्वागतकक्षात चालणाऱ्या वाय-फायला खोलीची सुविधा म्हणणे थांबले पाहिजे.

आमच्यासारखे लोक आपापल्या परीने तजवीज करतातच. माझ्या बॅगेत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे, दहा मीटरची लॅनची (वाय-फायऐवजी तारेने इंटरनेट जोडण्याची) वायर आणि तळहाताएवढा राउटर कायम असतो. काही जुन्या हॉटेलांत टेबलामागे लॅनचे पोर्ट अजून शाबूत आहे, आणि ते चालू असले तर त्याच्याइतके विश्वासार्ह दुसरे काही नाही. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी त्याच्या मागची वायर कधीच काढून टाकलेली असते. खोलीत शिरल्यावर बॅग उघडण्याआधी वेग तपासावा आणि बोळातल्या राउटरजवळची खोली मागून घ्यावी, असे मी आमच्या नव्या मुलांना सांगतो. पण ही सगळी पाहुण्याने करायची धडपड झाली. हॉटेलच्या पातळीवरचे उपायही फार महागडे नाहीत. वीज गेल्यावर जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत दिवे लावतो, पण राउटर आणि फायबरचे यंत्र पुन्हा उभे राहायला चार-पाच मिनिटे घेतात आणि तेवढ्यात बैठक तुटते. एक लहान यूपीएस बसवला की हा त्रास कायमचा संपतो. तसेच दुसऱ्या कंपनीची एक पर्यायी लाइन घेऊन पहिली बंद पडताच आपोआप दुसरीवर जाण्याची व्यवस्था केली, तर पावसाळ्यात रस्ते खोदताना वायर तुटली तरी हॉटेल ठप्प होणार नाही.

याबाबत एक सरकारी चौकट आधीच तयार आहे, आणि तिची माहिती हॉटेलचालकांपर्यंत पोहोचलेली दिसत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २५ ऑक्टोबर २०२४ रोजी इमारतींना डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार तारांकन देण्याचे विनियम काढले. इमारतीत फायबर आहे का, मोबाइलचे जाळे आत पोहोचते का, वाय-फायची व्यवस्था कशी आहे, प्रत्यक्ष वापरणाऱ्याला वेग किती मिळतो, अशा गोष्टी तपासून हे तारांकन द्यायचे आहे. ते ऐच्छिक आहे. येथील हॉटेलचालकांच्या संघटनांनी आपल्या सदस्यांना ते घेण्याचा आग्रह धरावा, आणि महापालिकेने व पर्यटन विभागाने त्यांना त्यासाठी प्रोत्साहन द्यावे, अशी माझी विनंती आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जाहीर केलेली सेवा नीट न देणे ही त्रुटीच ठरते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. पण सकाळी सात वाजता चेक-आउट करून कामावर पळणारा माणूस एका रात्रीच्या इंटरनेटसाठी ग्राहक आयोगाकडे जात नाही. मीही कधी गेलो नाही. म्हणून निवारण काउंटरवरच व्हायला हवे. दारामागच्या त्या तक्त्यावर खोलीत मिळणारा किमान डाउनलोड आणि अपलोड वेग आकड्यात लिहावा, खोली आरक्षित करताना तोच आकडा दाखवावा, आणि तो मिळाला नाही तर बिलातून ठरावीक रक्कम वजा करावी. मुंबई-ठाणे-नवी मुंबईत व्यवसायानिमित्त राहणारा पाहुणा यासाठी शे-दोनशे रुपये जास्त द्यायलाही तयार आहे. मी स्वतः तयार आहे, आणि आमच्या कंपनीचा लेखाविभागही.

येत्या सोमवारपासून तीन रात्री मी पुन्हा तुर्भ्यात आहे. यावेळी दर विचारण्याआधी अपलोडचा वेग विचारणार आहे, आणि जे हॉटेल तो आकडा लिहून देईल, तिथेच खोली घेणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक