फोटो मी काढणार नाही

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई म्हणाली, "रविवारी पाहुणे येतायत, तोपर्यंत मोबाइलवरचा तो बेबीसोबतचा ईदचा फोटो तेवढा काढून टाक." मध्यस्थ काकांनी सुचवलंय म्हणे. मुलीचं सतारमेकर गल्लीत फार येणं-जाणं आहे, हे त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं असणार. बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून तेव्हा गप्प राहिले आणि आज लिहितेय.

फोटो मी काढणार नाही. आणि रविवारी माझी मैत्रीण बेबी आपल्या घरी असेल.

तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. आई, तू विचारलं नाहीस, पण तिच्या भावाचं नाव तुझ्या ओठांवर आलं होतं. तसं काहीही नाही, निर्धास्त राहा. तिच्या अम्मीनंही तिला हेच विचारलं, आपल्या दादाबद्दल. दोन्ही घरांना धास्ती एकच, आणि तोडगाही एकच सुचतो: मुलींनी भेटणं कमी करावं.

बाबा, हा घरोबा तर तुम्हीच जोडलात. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, बिघडली की मला सोबत घेऊन चाचांकडे, बेबीच्या अब्बांकडे जायचात. चाचा घोडीवर हलक्या हातानं कानस फिरवायचे, तार छेडायचे, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे, केसभर मागे, आवाज मोकळा होईपर्यंत. तेवढ्या वेळात आम्ही दोघी पंढरपूरकडून आलेल्या वाळक्या भोपळ्यांच्या ढिगामागे लपाछपी खेळायचो. २००९ च्या गणपतीत मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली, तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी चाचांना फोन लावायचात, दूध मिळालं का, पोरं बरी आहेत का. मी शेजारी उभी राहून ऐकायचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे घेऊन तुम्हीच गेलात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या गाण्यासाठी तुम्ही अजूनही दर्ग्याच्या आवारात रात्र जागवता. ते गावानं पाहिलेलं चालतं, आणि माझ्या मोबाइलवरचा एक फोटो मात्र अडचणीचा होतो, हे मला पटत नाही.

आई, तुला वाटतं बेबीच्या नादानं मी स्थळं नाकारते. पण लग्नाचा विचार नीट कसा करायचा, हे मी तिच्याकडूनच शिकले. तिचा पहिला रिश्ता मोडला, कारण त्यांना तिची लॅबमधली नोकरी सुटायला हवी होती. पुढचा आला तेव्हा चाचा म्हणाले, तोंडी काही नको. निकाहनाम्यात अटी घालता येतात, त्या त्यांनी आधीच ठरवून घेतल्या: नोकरी चालू राहील, आणि मेहर, म्हणजे नवऱ्यानं तिला द्यायची रक्कम, निकाहच्या वेळीच तिच्या हातात पडेल, पुढच्या वायद्यावर राहणार नाही. काझींची हरकत नव्हती. हरकत नातेवाइकांची होती. एवढ्या अटी घालणारी मुलगी नांदणार कशी, असं तिच्या मावश्या तिच्या तोंडावर म्हणाल्या. माझ्याबद्दल आपल्या आत्या म्हणतात तेच की.

त्यांच्यात निकाहच्या वेळी वकील, म्हणजे मुलीच्या वतीनं बोलणारा, आणि दोन साक्षीदार येऊन मुलीला विचारतात, मंजूर आहे का. बऱ्याच घरांत तोवर सगळं ठरून गेलेलं असतं आणि मुलगी नुसती मान हलवते, हेही बेबीच सांगते. आपल्याकडे अंतरपाट धरला की मंगलाष्टकं सुरू होतात, तिथे असं कोणी विचारत नाही. तुम्ही मात्र प्रत्येक स्थळाच्या वेळी मला विचारलंत. ते मी विसरत नाही. म्हणूनच इतकं स्पष्ट लिहायचा धीर होतोय.

मागच्या स्थळाच्या वेळी मुलाशी गच्चीवर बोलायला मिळालं, आठवतं? आदल्या रात्री बेबीनं माझ्याकडून प्रश्न पाठ करून घेतले होते. घरावर कर्ज किती आहे. माझा पगार कोणाच्या हातात जाईल. आई-बाबा आजारी पडले तर मी मिरजेला येऊन किती दिवस राहू शकेन. आई, हा शेवटचा प्रश्न तिनं घालायला लावला. तो ऐकून मुलगा म्हणाला, "आईला विचारून सांगतो." नकार मी त्यावरच दिला.

अशी मैत्रीण लपवायची म्हणजे आयुष्यभर लपवावी लागेल. आज फोटो काढला तर उद्या तिचा फोन आला की बाल्कनीत जाऊन हळू बोलायचं, तिच्या निकाहला जायचं तर सासरी काहीतरी निमित्त शोधायचं. अशा घरात मला नांदायचं नाही. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी रविवारीच मोकळेपणानं सांगावं. चहा-पोहे घेऊन जावं, माझ्या मनात राग राहणार नाही.

मी शनिवारी कोयना एक्सप्रेसनं येते. बाबा, मध्यस्थ काकांना फोन तुम्ही करा. मी केला तर त्यांना उद्धटपणा वाटेल, आणि पाहुण्यांना आधी कळलं तर त्यांनाही घरी येऊन अवघडायला नको. आई, गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील तर माझ्यासाठी थांबू नकोस. बेबीला सांग, ड्यूटीवरून येताना ती आणून देईल.

तुमची लेक