पॅसेजमधला दिवा चालू राहू दे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा तुमच्याकडून निघाले तेव्हा एक गोष्ट बोलायची राहून गेली. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहितेय.

त्या रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली, ती भिंतीवरून हात घासत गेल्यासारख्या आवाजाने. बाहेर येऊन बघते तर बाबा, तुम्ही अंधारात भिंत चाचपत बाथरूमकडे निघाला होतात. मी दिवा लावला तर म्हणालात, "कशाला? पाठ आहे मला रस्ता." आणि मग हळूच, "तेवढीच वीज वाचते." मी परत अंथरुणावर पडले, पण डोळा लागला नाही.

परतीच्या वाटेवर हिशेब केला. पॅसेजमध्ये अर्ध्या वॅटचा छोटा एलईडी दिवा लावला आणि तो रोज रात्री 10 तास, वर्षभर चालू ठेवला, तरी वर्षाला 2 युनिटसुद्धा होत नाहीत. आणि तुमच्या मागच्या दाराशी अजून 60 वॅटचा पिवळा बल्ब आहे. तो रोज पाच तास जळतो, म्हणजे वर्षाला जवळजवळ 110 युनिट. तितकाच उजेड 9 वॅटचा एलईडी देतो, 16 युनिटमध्ये. तेवढा एक बल्ब बदललात तर एका वर्षात जी वीज वाचेल, तिच्यावर पॅसेजमधला दिवा 50 वर्षं जळेल. बाबा, तुम्ही आयुष्यभर हिशेब केलेत, हा एकदा ताडून बघा.

काटकसर मी तुमच्याकडूनच शिकले. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या, जुन्या चादरीच्या पिशव्या आणि पिशव्या विरल्या की त्यांची फडकी, हे सगळं मी लहानपणी पाहिलंय. तेव्हा मला मैत्रिणींसमोर लाज वाटायची. आता पर्यावरणाबद्दल जे काही वाचते त्यात पुन्हा पुन्हा तेच येतं: कमी आणा, पुरवून वापरा, दुरुस्त करा. तुम्ही ते कोणी न सांगता केलंत. फक्त एका ठिकाणी मला तुमच्याशी वाद घालायचाय.

"चालतंय ना, मग का टाकायचं?" हा तुमचा नियम कपाटाला, पातेल्याला, शर्टाला अगदी बरोबर लागू पडतो. या वस्तू घडवताना जे काही खर्ची पडायचं ते पडून गेलं. आता त्या जितकी जास्त वर्षं वापराल तितकं चांगलं. पण काही वस्तू घरात बसून रोज खातात. त्यांचं वय महत्त्वाचं. मागच्या खोलीतला तो दुसरा फ्रीज घ्या. आत पाण्याच्या चार बाटल्या, आणि तो मात्र दिवसाचे 24 तास चालू. परवा त्याच्या दारात कागद धरून दार लावलं, तर कागद अलगद ओढून निघाला. म्हणजे रबर सैल झालंय, आत गार केलेली हवा बाहेर जातेय आणि ती भरून काढायला यंत्र सारखं धापा टाकतंय. आई, तो बंद करून टाक. तुम्हा दोघांना पुढचा एक पुरे आहे.

पण बंद केल्यावर तो कुणालाही असाच देऊ नका. फ्रीज फोडून तांबं काढतात तेव्हा आतला वायू हवेत सुटतो. फार जुन्या फ्रीजमध्ये सीएफसी-12 असायचा. तो ओझोनच्या थराला भोक पाडतो आणि उष्णता अडवून धरण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 10 हजार पट जोरकस आहे. त्यानंतर आलेले वायू ओझोनला खात नाहीत, पण त्यातले काही उष्णता मात्र पुष्कळ अडवतात. म्हणून वायू नीट काढून घेणाऱ्या, अधिकृत ई-कचरा केंद्रातच तो गेला पाहिजे. मी शोधून ठेवते. ओझोनची गोष्ट मला नेहमी धीर देते. ओझोनला खाणारे असे वायू बंद करण्यासाठी 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, पुढे जगातले सगळे देश त्यात आले, आणि आता अंटार्क्टिकावरचा थरसुद्धा 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीला येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तुमच्या पिढीच्या हयातीत माणसांनी एक बिघाड ओळखला आणि तो दुरुस्तीला घेतला.

आता आई, तुझ्या स्वयंपाकघराकडे येते. पातेल्यावर झाकण ठेवायचं तू मला शिकवलंस, त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. साध्या एक लिटर पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साडेसहा पटींहून जास्त उष्णता त्या सगळ्या पाण्याची वाफ करायला लागते. उघड्या पातेल्यातून वाफ जाते ती इतकं इंधन घेऊन जाते. उकळी आली की आच बारीक करायची, हेही त्यामुळेच. मोठ्या आचेवर पाणी जास्त गरम होत नाही, नुसतं लवकर आटतं.

मात्र मी येणार म्हटलं की तू चौघांना पुरेल एवढं रांधतेस आणि दोन दिवसांनी त्यातलं निम्मं टाकावं लागतं, त्याचं मला वाईट वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालात आहे की 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं, साली-देठं धरून. आणि त्यातलं साधारण 60 टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं मिळूनही आपल्यापेक्षा मागे आहेत. तेव्हा कमी कर, आणि उरलेलं फ्रीजमध्ये डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेव. मागे सरकलं की ते विसरलं जातं.

साली आणि देठं मात्र निघणारच. ती पिशवीत बांधून कचऱ्याच्या डोंगरात गेली की हवेशिवाय कुजतात आणि मिथेन तयार होतो. तो 100 वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. त्याच साली हवा खेळत असताना कुजल्या तर त्यांचं खत होतं. बाबा, हे काम तुमचं. परसात पालापाचोळा भरपूर आहे. तो तुम्ही दर आठवड्याला जाळता, आणि कधी त्यातच प्लास्टिकच्या पिशव्याही जातात. ते कृपा करून थांबवा. त्या धुरातले बारीक कण आधी तुमच्याच छातीत जातात, आणि तुमचा खोकला मी रात्रभर ऐकलाय.

एक मोठा झाकणाचा डबा घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा. ओल्या सालींचा एक थर, त्यावर त्याच्या दुप्पट कोरडा पाचोळा, असं भरत जा. आठवड्यातून एकदा काठीने खालीवर करा. मुठीत घेऊन दाबलं तर पिळलेल्या फडक्याइतकं ओलं लागलं पाहिजे. घाण वास आला तर समजा की पाणी जास्त झालं किंवा हवा कमी पडली, पाचोळा वाढवा. काही दिवसांनी ढीग आतून गरम लागेल. घाबरू नका, आत जिवाणूंचं काम जोरात चालू असतं. तीन-चार महिन्यांनी पावसानंतरच्या मातीसारखा वास यायला लागला की खत तयार. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पाचोळा कमी घातला आणि माश्या झाल्या, म्हणून दुप्पट सांगतेय.

बाथरूमचा नळ गळतो तोही बघा. सेकंदाला एक थेंब, थेंब पाव मिलीलिटरचा धरला तरी दिवसाला 20 लिटरच्या वर पाणी जातं, आणि बहुधा आतला एक वॉशर बदलला की थांबतं.

आणि आई, थंडीत तू आंघोळीला पाणी पुरेसं तापवत नाहीस, हे मला कळलंय. एक बादली, 15 लिटर, 20 अंशांनी तापवायला एक तृतीयांश युनिटच्या आसपास वीज लागते. तेवढी घे. गुडघे दुखत असताना गार पाणी अंगावर घेऊन तू पृथ्वीचं काही वाचवत नाहीस. वाचवायचंच असेल तर गिझर दिवसभर चालू ठेवू नकोस, आंघोळीच्या आधी थोडा वेळ लाव. कपडे थंड पाण्यात धू, फार मळके नसतील तर छान निघतात.

पुढच्या महिन्यात येतेय. बल्ब आणि फ्रीजचं काम मी आल्यावर करू, शिडीवर बाबांनी चढायचं नाही. पण पॅसेजचा छोटा दिवा या पत्राबरोबरच पाठवतेय. प्लगमध्ये नुसता खोचायचा आहे, अंधार पडला की आपोआप लागतो. आज रात्रीच लावा, आणि लावलात की मला फोन करा, कितीही उशीर झाला तरी.

तुमची,
लेक