दारावर आकडा लिहिलात, नाव कुठं आहे?

माननीय मंत्रीमहोदय,

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी दुपारी दोन माणसं आली, आमच्या वाड्याच्या चौकटीवर लाल रंगानं ४७ लिहिलं आणि निघाली. आईनं विचारलं, "कसला नंबर रे बाबा?" "मोजणीचा, आजी." गर्दीसाठी विठ्ठलाच्या देवळाभोवती जागा मोकळी करायचा तुमचा आराखडा आहे; त्यात विचारल्याशिवाय देवळाभोवतीच्या एकाही घराला हात लावणार नाही, असा शब्द बैठकीत आम्हा पंढरपूरकरांना दिला होता. हे विचारणं झालं का?

आई ब्याऐंशीची. लग्न होऊन आली तेव्हापासून दर आषाढीला एकाच दिंडीची माणसं आमच्या ओसरीवर उतरतात. त्यांच्यासाठी भाकरी थापून तिची मनगटं गेली. मंगळवारपासून ती धड जेवत नाही. माझं बीपी वाढलंय. खाली आमचं बुक्का-तुळशीमाळांचं दुकान, त्यावर घर चालतं. मुलाचं लग्न जुळत आलं होतं, पाहुणे "वाडा राहणार का?" विचारून गेले ते फिरकलेच नाहीत. गर्दीला जागा हवी हे मलाही कळतं, चेंगराचेंगरी मी डोळ्यांनी पाहिलीय. पण आम्हाला नुसतं समोर बसवून बोलायला काय हरकत होती?

देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख एकदा कुणाकडून वाचून घ्या. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविकांनी पाठी घासून घासून तो दगड गुळगुळीत केलाय. देवळासाठी कुणी काय दिलं, त्याची ती नोंद. त्यात देवगिरीचा राजा रामदेवराव यादव आहे, त्याचा प्रधान हेमाद्रिपंडित आहे आणि त्याच दगडावर साधी माणसंही आहेत, नावानिशी! त्याच्याही आधी, १२३७ मध्ये, होयसळ सोमेश्वरानं विठ्ठलाला गाव दिलं, तेही कोरून ठेवलं. राजे होते ते, त्यांना जाब कोण विचारणार होतं? तरी लिहून ठेवलं. तुमच्या यादीत आम्ही सत्तेचाळीस.

तेव्हा सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. महाद्वारापुढे संत चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याचं कूस बांधताना ते अंगावर कोसळून चोखोबा गेले, १३३८ साली. भिंत बांधायला माणूस चालला, अस्पृश्य म्हणून देवळात चालला नाही. ते दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. बडव्यांचे, म्हणजे देवळातल्या पिढीजात पुजाऱ्यांचे, हक्क काढणारा कायदा १९७३चा, त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४चा. सरकार कुणाचंही असो, गरिबानं मागितलं की चाळीस वर्षं, आणि गरिबाचं घ्यायचं असलं की एका दुपारचं काम!

कार्तिकीच्या आत घरांची यादी मालकांच्या आणि भाडेकरूंच्या नावांसह चौकात लावा. आराखडा सोप्या मराठीत लावा. आणि तुम्ही स्वतः या, आमच्या ओसरीवर बसा.

आई रोज सकाळी सडा घालून झाला की ओल्या फडक्यानं तो आकडा पुसते. रंग तेलाचा आहे, निघत नाही.

आपला,
महाद्वाराजवळच्या वाड्यातला एक रहिवासी