किल्ल्याच्या स्पर्धेत जत्रेलाही एक टेबल द्या

संपादक साहेब, नमस्कार.

गणपती गेले की आमच्या पेठेत किल्ला स्पर्धेची पत्रकं वाटायला सुरुवात होते, म्हणून आत्ताच लिहितोय. एकदा नियम छापून आले की कोण ऐकून घेत नाही, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात आणि पुढच्या वर्षी समितीच बदललेली असते.

मागच्या दिवाळीत मी, माझा पुतण्या आणि गल्लीतली चार पोरं मिळून पन्हाळ्यासारखा एक गड केला आणि गडाच्या पायथ्याला अख्खी जत्रा उभी केली. पाळणा, मौत का कुआ, नारळाची दुकानं, फुगेवाला, कुस्तीचं मैदान, सगळं. परीक्षक आले, एकानं वाकून बघितलं, बोटानं पाळणा फिरवला, गालात हसला पण, आणि तेवढ्यात दुसऱ्यानं विचारलं, 'शिवकाळात असला पाळणा कुठला?' झालं. विषयाला धरून नाही म्हणून आम्ही बाद. आता खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा बरोबर आहे, ज्याच्यावरून आजच्या जायंट व्हीलला फेरिस व्हील म्हणतात तो जॉर्ज फेरिसचा पाळणा उभा राहिला १८९३ ला, शिकागोच्या प्रदर्शनात. हातानं फिरवायचे लाकडी पाळणे त्याच्या कितीतरी आधीपासून होते, पण तो वाद घालायला मी गेलो नाही. मला लागलं ते वेगळंच. आमच्या शेजारच्या ज्या किल्ल्याला दुसरा नंबर दिला त्याच्या महादरवाजापेक्षा दारातला वाघ उंच होता आणि बुरजावर हिरव्या प्लास्टिकचे सोल्जर मशीनगन घेऊन पालथे पडलेले. ते चाललं. शिवकाळात मशीनगन चालते, पाळणा चालत नाही.

तर आमचा नाद काय आहे ते सांगतो. मी उद्यमनगरात लेथवर असतो आणि रविवारी आम्ही पाचसहा जण टेबलावर बोटाएवढ्या बाहुल्या मांडून फासे टाकून लढाया खेळतो. मिनिएचर म्हणतात त्या बाहुल्यांना, आणि त्या ज्या रानात लढतात त्याला टेरेन. बाहेरच्या देशात कार्निव्हलचं टेरेन हा एक आवडीचा प्रकार आहे, पट्ट्यापट्ट्यांचे तंबू, आरशांचं घर, बंद पडलेले मेरी-गो-राउंड, मधेच एखादा भयानक विदूषक. फोटो बघितल्यावर पुतण्या म्हणाला, काका हे तर आपली जत्रा आहे, फक्त भडंग नाही. तिथनं सुरू झालं.

बाहुली असते २८ मिलीमीटरची, तेवढी उंची पायापासून डोळ्यापर्यंत धरायची. माणसाच्या मानानं साधारण साठपट लहान. म्हणजे खऱ्या जगातला एक फूट टेबलावर पाच मिलीमीटर, एवढं पाठ झालं की पुढं पेन्सिल लागत नाही. चाळीस फुटी पाळणा वीस सेंटिमीटर. शिकागोचा तो पाळणा होता २६४ फूट उंच, ३६ डबे आणि एकेका डब्यात ६० माणसं, तो आमच्या मापात करायचा तर जवळजवळ साडेचार फुटाचा होईल, म्हणजे घरातलं कपाट बाहेर काढावं लागेल. आम्ही चाळीस फुटीवरच समाधान मानलं. बरं, आठ इंची भरतकामाची रिंग मोजली तर वीस सेंटिमीटरच भरते! आईच्या डब्यातनं दोन काढल्या, परत देतो म्हणून सांगितलं, अजून दिलेल्या नाहीत.

दोन रिंगा, मधे साडेपाच सेंटिमीटर अंतर, आणि त्यात आठ पेट्या टांगल्या, काडेपेटीच्या आतल्या खणाच्या. मापानं बघितलं तर काडेपेटी म्हणजे दहा फुटाची पेटी झाली, एवढी मोठी पेटी कुठल्या पाळण्याला असते? पण बाहुलीच्या पायाखाली गोल बैठक असते २५ मिलीमीटरची, दहाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान, ती पेटीत बसायला तर पाहिजे. हे टेरेन करणाऱ्याचं कायमचं दुखणं, मापात बसतं ते खेळात बसत नाही. दुकानांच्या मधल्या बोळी पण तशाच दोन इंच ठेवल्या, नाहीतर खऱ्या जत्रेत दोन दुकानांच्या मधनं आडवं होऊन जावं लागतं.

आस दुपारच्या सुट्टीत लेथवर काढला, आठ मिलीमीटरचा, आणि दोन्ही बाजूला ६०८ नंबरचं बेअरिंग टाकलं. फुंकर मारली तरी फिरतो. पहिल्यांदा फिरवला तेव्हा मात्र फजिती झाली, पेट्या वर गेल्या की उलट्या व्हायच्या आणि आतले लोक डोक्यावर पडायचे, पुतण्या हसून हसून लोळायचा. मग पेटी टांगायची तार वर घेतली आणि तळाला खालनं एकेक लोखंडी वायसर चिकटवला, वजन खाली गेल्यावर सगळ्या पेट्या शहाण्यासारख्या सरळ राहायला लागल्या. मौत का कुआ सोपा गेला, सहा इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा आणि आतनं आईस्क्रीमच्या काड्या उभ्या चिकटवलेल्या, फळ्यांसारख्या. त्यात काय विशेष नाही.

दुकानांत मजा आहे. मोहरी म्हणजे नारळ, अगदी मापात, दोन मिलीमीटरचा दाणा साठपट केला की बारा सेंटिमीटर, आणि रंग पण द्यावा लागत नाही. खसखस म्हणजे लाडू. बांगड्यांच्या दुकानाला वायरीचं रंगीत आवरण बारीक बारीक कापून लावलं. तंबूला आजीचं जुनं सुती लुगडं, फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून वाळवलं की झोळ तसाच राहतो, दोऱ्या ताणल्यागत.

चुका पण सांगतो, कुणाचं तरी वाचेल. टीव्हीच्या पॅकिंगचं थर्माकोल घेतलं होतं (सजावटीच्या थर्माकोलवर देशभर २०२२ पासून बंदी आहे, आम्ही विकत घेत नाही, पॅकिंगचं वाया जाणारं तेवढं वापरतो) आणि त्याच्यावर सरळ स्प्रेचा डबा मारला. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं हे मला ऐकून माहीत होतं पण डोळ्यानं बघणं वेगळं, गडाची एक बाजू आमच्यासमोर चर्र करून खाली बसली, वडाच्या ढोलीसारखं भोक. आता आधी फेव्हिकॉल आणि काळा पोस्टर कलर एकत्र करून दोन हात देतो, ते कडक वाळल्यावर मगच स्प्रे.

दुसरी चूक गुलालाची. जोतिबाची जत्रा करायची म्हटल्यावर गुलाल पाहिजेच, चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचे दगड सुद्धा गुलाबी दिसतात. तर मी खराच गुलाल भुरभुरला आणि तो चिकटावा म्हणून वरनं फेव्हिकॉलचं पाणी फवारलं, त्या पाण्यात रंग सुटला आणि देवळाच्या पायऱ्यांपासून कुस्तीच्या मातीपर्यंत, पुतण्याच्या शाळेच्या दप्तरापर्यंत सगळं चांगभलं! नंतर गुलाबी खडू किसून तो कोरड्या ब्रशनं घासला, तो बसला बरोबर.

आणि हे नुसतं बघायचं नाही, खेळायचं आहे. दुकानाच्या आडोशाला बाहुली उभी केली की समोरच्याला नेम धरणं अवघड, तंबूचं छप्पर उचललं की आतली माणसं हलवता येतात. पाळण्याचा आमचा नियम असा, दोघांची पाळी झाली की पाळणा एक पेटी पुढं सरकवायचा. वरच्या पेटीत जो असेल त्याला अख्खं टेबल दिसतं, पण तो तिथं एकच पाळी असतो, आणि खाली उतरायला अजून चार पाळ्या. पोरांनी यावर जेवढं डोकं खाजवलंय तेवढं गणिताला खाजवलं असतं तर, जाऊ दे.

हे सगळं पोरकट आहे असं आमच्या गल्लीत काही जण तोंडावर म्हणतात. म्हणू देत. नकाशावर ठोकळे सरकवून युद्ध खेळायचे नियम १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या प्रशियाच्या लेफ्टनंटनं छापले आणि तिथल्या सैन्यानं ते अधिकाऱ्यांना शिकवायला वापरले. आणि लांब कशाला जायचं, स्वतःचा कॅमेरा घरी घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांचं हे गाव, नाटकाचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमाकडं वळले. ह्या गावात हातानं काहीतरी खोटं जग उभं करणाऱ्याला हसायचं असेल तर आधी अर्ध्या शिवाजी पेठेला हसावं लागेल.

तर मंडळांना तुमच्या पेपरातनं एवढंच सांगायचं आहे. किल्ल्याचे नियम बदलू नका, किल्ला किल्लाच राहू दे, माती, पोती, हळीव सगळं तसंच. फक्त बाजूला एक टेबल टाका, 'देखावा आणि खेळ' असा वेगळा गट करा, त्यात कुणी जत्रा करेल, कुणी खासबागचं कुस्तीचं मैदान करेल, कुणी त्र्यंबोली देवीची वाजतगाजत जाणारी पी ढबाक मिरवणूक. प्रवेश फी घ्या पाहिजे तर. आणि दोन्ही गटांत मापाला दहा मार्क ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तो वाघ दरवाजातनं आत तरी जाईल.

आमचा पाळणा माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलाय. दोन पेट्यांच्या तारा गंजल्यात, आणि आई रिंगा मागायच्या आत त्या तारा बदलून घेतो.

आपला एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर